मदत हवी आहे: रीफ टँकसाठी कोणतं टेस्ट किट घेऊ?

खारापाणी
खाऱ्या पाण्याचा पहिलाच टँक लावलाय. रीफ करायचाय, म्हणजे पुढे कोरल ठेवायचे आहेत. टेस्ट किटवर अडलोय. एपीआय कंपनीची सॉल्टवॉटर मास्टर पेटी घेऊ, त्यांचीच रीफ मास्टर घेऊ, की सॅलिफर्ट कंपनीचे सुटे किट घेऊ? नावावरून रीफ मास्टरच माझ्या कामाची वाटते. आज रात्री ऑर्डर टाकायची आहे. जाणकारांनी कृपया थेट नाव सांगावं.

शिंपला
टँक किती लिटरचा? कधी लावला? आत काय काय आहे? पाणी आरओचं की नळाचं? ही माहिती दिलीत तर नाव सांगता येईल.

प्रवाळ_वेडा
हाना कंपनीचा अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) मोजणारा डिजिटल चेकर घ्या आणि निवांत व्हा. रंग जुळवायची कटकटच नाही, बटण दाबलं की आकडा समोर. फॉस्फेटसाठीही त्यांचाच. मी तर बाकी सगळे किट वाटून टाकले.

मीठभाकर
सॅलिफर्ट, डोळे झाकून. अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट. किती वर्षं वापरतेय.

खारापाणी
टँक ९० लिटरचा आहे. बाकीच्या गोष्टींचा किटशी काय संबंध? पाणी तपासायचं ते तपासायचंच ना.

शिंपला
संबंध आहे, म्हणूनच विचारलं. नव्या टँकमध्ये आधी अमोनिया आणि नायट्राइट बघायचे असतात, कारण अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची वस्ती अजून बसलेली नसते. चार-सहा आठवड्यांनी वस्ती बसली की हे दोन्ही किट कपाटात जातात. कोरल आले की रोजचं काम अल्कलिनिटीचं, मग कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट. रीफ मास्टर पेटीत कॅल्शियम, केएच (म्हणजे अल्कलिनिटीच), फॉस्फेट आणि नायट्रेट असतं, अमोनिया नसतो. सॉल्टवॉटर मास्टरमध्ये अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच असतं, अल्कलिनिटी नसते. तुमचा टँक कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय यातली एकही पेटी घ्या असं सांगणं तुमच्या पैशांशी खेळणं होईल.

निळी_छटा
लाइट कोणता लावलाय ते आधी सांगा. कोरल चुकीच्या लाइटमुळेही मरतात, फक्त पाण्यामुळे नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण तीव्रतेवर ठेवू नका, हळूहळू वाढवा. माउंटची उंचीही सांगा.

जुनी_भरती
एवढे किट घेऊन काय करणार? दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदला, मीठ चांगल्या दर्जाचं वापरा. ९० लिटरच्या टँकमध्ये जे कमी होतं ते नव्या पाण्यातून परत येतं. सॉफ्ट कोरल ठेवणाऱ्याला खारेपणा आणि तापमान मोजलं की पुरतं. नवे लोक आकड्यांच्या मागे लागून रोज काहीतरी ओततात, त्यानेच टँक बिघडतो.

टायट्रेशन
@जुनी_भरती, ओतू नका याला अनुमोदन, मोजू नका याला नाही. अल्कलिनिटी न मोजता टँक स्थिर आहे हे तुम्हाला कळतं कसं? कडक सांगाड्याचे कोरल आणि गुलाबी कोरलाइन शेवाळ, दोघांनाही कार्बोनेट लागतं. साधारण २.८ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) खर्च होते तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आसपास उतरतं. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून ४०० झालेलं किटवर जेमतेम जाणवेल, तोवर अल्कलिनिटी ८.५ वरून ५.७ वर गेलेली असेल. म्हणून पहिलं किट अल्कलिनिटीचं.

आणि @प्रवाळ_वेडा, चेकरवर दशांशात आकडा दिसतो म्हणून तो तितका अचूक असतो असं नाही. डीकेएच चेकरची अचूकता कंपनीच ±०.३ डीकेएच आणि वर वाचनाच्या ±५ टक्के अशी देते. चांगलं थेंबांचं किट काळजीपूर्वक वापरलं तर यापेक्षा फार मागे राहत नाही.

प्रवाळ_वेडा
मान्य, पण मला हिरवा आणि निळसर हिरवा यातला फरक दिसत नाही. रंग नीट न दिसणाऱ्यांसाठी चेकरच खरा. क्युवेट, म्हणजे पाणी भरायची काचेची बाटली, मात्र पुसून घ्या. बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो. फॉस्फरस दाखवणारं मॉडेल घेतलंत तर पीपीबीतल्या (अब्जात भाग) आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचं, मग फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. २० आलं तर ०.०६.

मीठभाकर
रंग दिसत नसेल तर चेकर ठीक. पण नव्या माणसाला हा गुणाकार कशाला सांगता? त्याच्या टँकमध्ये अजून कोरलच नाहीत.

खारापाणी
लोकहो, वाद नंतर घाला. सांगतो सगळं. टँक याच महिन्यात लावला. कोरडा दगड, कोरडी वाळू, आरओचं पाणी, बाटलीतले जिवाणू आणि सुरुवातीला अमोनियाचे थेंब. आत जिवंत काही नाही. माझ्याकडे आधीच्या गोड्या पाण्याच्या टँकचं एपीआयचं मास्टर किट आहे. त्यावर काल अमोनिया ०.२५, नायट्राइट २ आणि नायट्रेट ८० च्या पुढे आलं. गोड्या पाण्याचं किट असल्यामुळे चुकीचं दाखवतंय असं वाटलं, म्हणून तर नवं हवंय. नायट्रेट एवढं वाढलंय तर अर्धं पाणी बदलू का? शनिवारी क्लाउनफिशची जोडी घेणार आहे.

मीठभाकर
शनिवारी अजिबात आणू नका!! नायट्राइट २ म्हणजे सायकल (जिवाणूंची वस्ती बसणं) अर्धवट आहे.

शिंपला
खारापाणी, हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर धागा एवढा लांबला नसता. :) तुमचं किट खाऱ्या पाण्यात चालतं. एपीआयच्या अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटच्या बाटल्या दोन्ही पाण्यांना त्याच असतात, रंगाचा तक्ता तेवढा खाऱ्या पाण्याचा घ्यायचा. गोड्या पाण्याच्या त्या पेटीत वरच्या पीएचची बाटलीही असते. ७.४ ते ८.८ असा तिचा पल्ला, तीच वापरा, साध्या पीएचची बाटली इथे निकामी. मुदत संपली नसेल तर सॉल्टवॉटर मास्टर घेण्याचं काहीच कारण नाही.

टायट्रेशन
आता नायट्रेटच्या ८० बद्दल. नायट्रेट किटमधलं रसायन नायट्रेटचं आधी नायट्राइटमध्ये रूपांतर करतं, मग त्या नायट्राइटचा रंग मोजतं. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर त्याचाही रंग त्यात मिसळतो आणि थोड्या नायट्राइटनेही आकडा भलताच फुगतो. म्हणून नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजून उपयोग नाही. अर्धं पाणी बदलू नका, किटही बदलू नका.

एक गोष्ट तपासा. नायट्रेटची दुसरी बाटली जोरात ३० सेकंद हलवता का? तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर आकडा फार कमी येतो. थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवायची असते.

जुनी_भरती
नायट्राइटला खाऱ्या पाण्यात घाबरायचं कारण नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅमहून जास्त क्लोराइड असतं, ते नायट्राइटला माशाच्या कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. अमोनिया शून्य असेल तर मासे आणता येतात.

मीठभाकर
अमोनिया शून्य कुठे आहे? ०.२५ आहे. आणि खाऱ्या पाण्यात अमोनिया जास्त घातक असतो.

टायट्रेशन
दोघांचंही बरोबर आहे. पीएच ८.२ ला मुक्त, म्हणजे विषारी अमोनियाचा हिस्सा पीएच ७ च्या दहापटीहून जास्त असतो, त्यामुळे अमोनियाला सूट नाही. नायट्राइटचा विषारीपणा मात्र समुद्री माशांना गोड्या पाण्यातल्या माशांच्या तुलनेत फारच कमी. तरीही नायट्राइट अजून २ असताना मासे घालू नये या मताचा मी आहे. साखळीचा दुसरा टप्पा (नायट्राइटचं नायट्रेट होणं) चाललाय की नाही हे त्याच आकड्यावरून समजतं.

०.२५ खरं आहे का ते असं बघा: नुकतंच कालवलेलं खारं पाणी त्याच किटने तपासा. तिथेही तोच फिकट हिरवा आला तर तुमच्या डोळ्यांना आणि दिव्याला शून्य तसंच दिसतं. तक्ता दिवसाच्या उजेडात धरा, टँकच्या निळ्या लाइटखाली नको. मग चमच्याच्या अंदाजाने नव्हे, तर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात अमोनिया टाका. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की सायकल पूर्ण.

निळी_छटा
आत काही जिवंत नसेल तर लाइट बंदच ठेवा. उगाच तपकिरी शेवाळ चढेल.

गाळ
खारेपणा मोजायला हायड्रोमीटर वापरता की रिफ्रॅक्टोमीटर? कोणी विचारलंच नाही. काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर असेल तर बुडबुडा चिकटला तरी चुकतो.

खारापाणी
रिफ्रॅक्टोमीटर आहे. आरओच्या पाण्याने शून्यावर आणलाय. टँकच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२६ दाखवतो.

गाळ
शून्यावर बरोबर म्हणजे ३५ पीपीटीवर (हजारात ३५ भाग, समुद्राइतका खारेपणा) बरोबर असं नव्हे. बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण घ्या, त्यावरच जुळवा. किटच्या यादीत हे पहिलं लिहा. क्षारता चुकली तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी सगळेच आकडे वर-खाली दिसतात आणि माणूस भलतंच दुरुस्त करत बसतो.

मीठभाकर
+१. हे मात्र अगदी खरं.

प्रवाळ_वेडा
अवांतर: आयसीपी चाचणीला (प्रयोगशाळेत पाण्यातली मूलद्रव्यं मोजण्यासाठी) पाणी पाठवणाऱ्यांचा अनुभव काय?

टायट्रेशन
आयसीपी वेगळ्या कामाची. तांबं, जस्त, आयोडीन यांसाठी उत्तम. अल्कलिनिटीवर तिथल्या आकड्याचा भरवसा धरू नका, प्रवासात बदलते. वेगळा धागा काढा, लिहीन सविस्तर.

खारापाणी
ठीक आहे. मासे लांबणीवर टाकतो. मग आज ऑर्डर काय टाकू? परत नाव विचारतोय.

शिंपला
आज फक्त दोन: ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण आणि सॅलिफर्टचं अल्कलिनिटी किट. एपीआयचं केएचही चालेल, पण त्यात ५ मिलीला एक थेंब म्हणजे १ डीकेएच, म्हणजे बारीक बदल कळत नाही. १० मिली पाणी घेतलंत तर थेंब अर्ध्याचा होतो. नायट्रेट-फॉस्फेटचं चांगलं किट पहिलं कोरल आणायच्या आधी घ्या. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कडक कोरल येतील तेव्हा. किट आत्ताच घेऊन ठेवलंत तर मुदत कपाटातच संपेल.

जुनी_भरती
फॉस्फेटचं किट घेतल्यावर ते शून्यावर आणायच्या मागे लागू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य झालेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट (तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) पसरलेले मी पाहिलेत. ते काढणं साध्या शेवाळापेक्षा कितीतरी कठीण जातं.

खारापाणी
ऑर्डर टाकली, दोन्ही. ताज्या कालवलेल्या पाण्यातही अमोनिया तोच फिकट हिरवा आला, म्हणजे ०.२५ खरं नव्हतं. नायट्राइट अजून आहे. एक शेवटचं. मिठाच्या पिशवीवर अल्कलिनिटी ८ लिहिलीय आणि सगळीकडे ८ ते ११ ठेवा म्हणतात. बफर (अल्कलिनिटी वाढवणारं मिश्रण) आधीच आणून ठेवू का?

टायट्रेशन
नको. समुद्रातच ती ७ च्या आसपास असते. ८ वर राहत असेल तर ८ वरच राहू द्या. खर्च करणारे कोरल आल्यावर रोज एकाच वेळी मोजा, किती उतरते ते लिहून ठेवा, मग बफरचं बोलू.