सॅटरडे नाइट लाइव्ह खरंच लाइव्ह असतं का?

रात्रपाळी: यूट्यूबवर या अमेरिकन कॉमेडी शोच्या क्लिपा बघतोय. ५० वर्षं झाली म्हणे, आणि अजून लाइव्ह? की आपल्याकडच्यासारखं आधी शूट करून ठेवतात? आणि सगळे अ‍ॅक्टर बाजूला कुठेतरी बघत का बोलतात?

खडूस_काका: लाइव्हच रे. ११ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालं, एनबीसी चॅनेलवर, न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ८एच मधून, पहिला होस्ट जॉर्ज कार्लिन. तेव्हा नाव नुसतं 'सॅटरडे नाइट' होतं कारण एबीसी या दुसऱ्या चॅनेलने 'लाइव्ह'वालं नाव आधीच पटकावलं होतं, तो शो काही महिन्यांत गुंडाळला मग यांना नाव मिळालं. बाजूला बघतात ते क्यू कार्ड, हाताने लिहिलेले मोठे पुठ्ठे, कारण स्क्रिप्ट शेवटपर्यंत बदलत असते, पाठ करणार कधी! मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी वाचन, शनिवारी आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तिथे हशा नाही आला की स्किट गेलं, साडेअकराला खरा शो. मधले फिल्मवाले तुकडे मात्र आधी शूट केलेले असतात.

मिसळ_विथ_तर्री: काका, लॉर्न मायकल्स राहिला की! शो त्यानेच काढला. १९८० ला तो गेला आणि शो पार ढेपाळला, कॉमेडियन एडी मर्फीने तारून नेलं. १९८५ ला परत आला. आणि 'आता पूर्वीची मजा नाही' हे रडगाणं तेव्हापासून चालूच आहे.

रात्रपाळी: तालमीत उडालेली स्किटं बघायला मिळतात का कुठे?

खडूस_काका: काही काही यूट्यूबवर टाकतात तेच लोक. कधीकधी तीच जास्त भारी असतात.