अनुभव धागा: प्रवासात खिशातलं वायफाय

गाडीत, घाटात, हॉटेलात नेट मिळवायला खिशात मावणारं जे यंत्र (सिमचा हॉटस्पॉट किंवा छोटा राउटर) वापरता, त्याबद्दल लिहा. 'कोणतं घेऊ?' हा प्रश्न इथे नको. काय केलं की चालतं आणि कशाने अडतं, तेवढंच.

रेंजवेडा
हॉटस्पॉटवरच्या कांड्यांवर विसंबू नका. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा (पत्ता बहुधा पाठीवर छापलेला असतो, जिओच्या हॉटस्पॉटचा, म्हणजे जिओफायचा, १९२.१६८.२२५.१). बहुतेकांत तिथे दोन आकडे दिसतात. पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलचा जोर. तो उणे ९०च्या आसपास असेल तर छान, उणे ११५ असेल तर जागा बदला. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते, आणि खरा घोळ इथेच असतो. तो शून्याखाली गेला की कांड्या भरलेल्या असूनही पान उघडत नाही, कारण शेजारच्या टॉवरचा गोंगाट आपल्या सिग्नलपेक्षा मोठा झालेला असतो. यंत्र हातभर सरकवलं तरी हा आकडा बदलतो. म्हणून ते उशाशी नको, खिडकीच्या कठड्यावर ठेवा. यंत्र ते फोन हे अंतर किरकोळ. अवघड वाट टॉवरपासून यंत्रापर्यंतची. एसी डब्यात तर चारी बाजूंनी पत्रा, त्यात बॅगेच्या तळाशी हॉटस्पॉट!

उक्षी_भोके
कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तिथे कुठलंच यंत्र चालणार नाही. बाहेर आल्यावर काही हॉटस्पॉट २जीवर अडकून बसतात. सेटिंगमध्ये 'फक्त ४जी' करून ठेवा, नाहीतर बंद करून चालू करा.

पोस्टपेड
जम्मू-काश्मीर आणि लडाखला बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही. हॉटस्पॉटमध्येही पोस्टपेडच घाला. नॅनो सिम अडॅप्टरमधून मायक्रोच्या खाचेत घालत असाल तर मागे चिकटपट्टी लावा. रिकामा अडॅप्टर आत गेला की पिना वाकतात.

राउटरवाला
हॉटेलात ट्रॅव्हल राउटर बरा. तो रिपीटर मोडमध्ये (दुसऱ्याचं वायफाय घेऊन पुढे आपलं पसरवणं) हॉटेलच्या वायफायला जोडा, मग एका फोनवरून लॉगिन करा. हॉटेलला एकच यंत्र दिसतं, बाकीचे सगळे त्यामागे. लॉगिनचं पान येत नसेल तर आधी फोनच्या सेटिंगमधलं व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करा, मग नेव्हरएसएसएल डॉट कॉम (लॉगिनचं पान समोर यावं म्हणून उघडायची साधी साइट) उघडा. तरीही नाही? मग हॉटेलचा आणि तुमच्या राउटरचा पत्ता बहुधा एकच, १९२.१६८.१.१. आपला बदलून १९२.१६८.८.१ करा. नव्वद टक्के रडगाणी इथे थांबतात (हा आकडा माझा, मनाचा).

फलाट
स्टेशनवरच्या रेलवायरला (रेल्वेचं वायफाय) रोज पहिली ३० मिनिटं फुकट, १ एमबीपीएस. ओटीपी मोबाइलवर येतो. परदेशातून आलेले आईबाबा भारतीय सिमविना तिथेच अडकतात. हॉटस्पॉटच्या सिमवर आलेला ओटीपी बहुतेक यंत्रांत त्याच्याच पानावर 'एसएमएस'खाली वाचता येतो, रिचार्जच्या वेळी उपयोगी.

चावीच्या जुडग्याला लावायचे जुने वायफाय फाइंडर (जवळ वायफाय आहे का ते दाखवणारे) कुणाकडे असतील तर राहू द्या. बहुतेकांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं, आणि त्यातले साधे तर पासवर्ड आहे की नाही हेही सांगत नाहीत.

रेंजवेडा
एक राहिलं. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात चार्जिंगला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. मागचं झाकण नीट बसेनासं झालं की वापर बंद. विमानात पॉवर बँक केबिन बॅगेतच. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, १००च्या मर्यादेत.