इम्प्लांट असताना बाळाला अंगावर पाजता येतं का?

प्रश्न: वहिनीला बाळंतपणाची मे महिन्यातली तारीख दिली आहे, तीही नागपुरात. स्तनांत ऑपरेशनने बसवलेले सिलिकॉनचे इम्प्लांट आहेत. दूध बाळाला बाधेल का? आणि पुरेल का?

उत्तर १: बाधत नाही. इम्प्लांट असलेल्या नि नसलेल्या आयांच्या दुधातलं सिलिकॉन मोजलंय, जवळपास सारखंच भरलं. गाईच्या दुधात आणि डब्याच्या पावडरीत उलट जास्त. खरा प्रश्न पुरण्याचा. ऑपरेशनचा व्रण कुठे आहे ते बघा. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने छेद असेल तर दूधनलिका आणि तिथली नस दुखावलेली असू शकते. नस सुन्न असली की बाळ ओढतंय हा निरोपच मेंदूला पोचत नाही, मग पान्हा कसा फुटणार? स्तनाखालच्या घडीत किंवा काखेत व्रण असेल तर काळजी कमी.

उत्तर २: अंदाज नको ताई, वजनकाटा वापरा. 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं. पाचव्या दिवसापासून रोज निदान 6 लंगोट ओले व्हावेत, जन्माचं वजन 10 ते 14 दिवसांत परत यावं. नाही आलं तर पाजून झाल्यावर 10-15 मिनिटं पंप, आणि डॉक्टरांना विचारून कमी पडेल तेवढंच वरचं दूध. मे असला तरी बाळाला पाणी नाही. तहान आईची भागवा.

उत्तर ३: तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, इम्प्लांटने ताण आणखी वाढतो. थंड पट्ट्या ठेवा. मालीशवालीला तिथे रगडू देऊ नका. लाल चट्टा, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. पू काढायची वेळ आली तर इम्प्लांटचं आधी सांगा, सुई सोनोग्राफीत बघूनच घालावी लागते.