'पुरावा नाही' म्हणजे नेमकं काय?

पानसुपारी
भाषांतराची कामं करते. सध्या एका रुग्णालयासाठी पेशंटच्या हातात द्यायची माहितीपत्रकं मराठीत आणतेय. लहान मुलांच्या खोकल्याच्या पत्रकात एक वाक्य मी असं केलं: 'साध्या सर्दी-खोकल्यात कफ सिरपमुळे मुलांना फायदा होतो, याचा पुरावा नाही.' व्याकरणात खोट नव्हती, अर्थही बरोबर वाटला. सवयीप्रमाणे कच्चा मसुदा सासूबाईंना वाचायला दिला. त्या निवृत्त शिक्षिका, शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या पेनाने काढतात. हे वाक्य वाचून म्हणाल्या, "पुरावा नाही म्हणजे सुटलंच की ते औषध. मग द्यायला काय हरकत आहे?"

आधी हसू आलं, मग पोटात गोळा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता' हे आपण पेपरात रोज वाचतो. पुरावा नसणं आरोपीच्या पथ्यावर पडतं. औषधाच्या बाबतीत ते त्याच्या विरोधात जायला हवं, पण शब्द तोच असल्यामुळे मन आपोआप कोर्टात जाऊन बसतं.

तर दोन प्रश्न आहेत. 'पुरावा' ठेवावा, की 'प्रमाण', 'साक्ष', 'दाखला' यांतलं काही चालेल? आणि एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनला, म्हणजे संशोधनातला पुरावा तपासून उपचार ठरवण्याच्या पद्धतीला, काय म्हणायचं? 'पुराव्याधिष्ठित वैद्यक' वाचण्यात आलंय. एका दमात तीनदा म्हणून बघा.

खडूफळा
'प्रमाण' सुचवायला मीच पुढे येणार होतो. शास्त्रात तो शब्द याच अर्थाने आहे. नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, चार प्रमाणं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. चरकसंहितेत आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. म्हणजे वैद्यकात हा शब्द उपरा नाही, घरचाच आहे.

पण आजच्या मराठीत त्याचं काय झालंय पाहा. 'औषधाचं प्रमाण' म्हटलं की डोळ्यापुढे चमचा येतो. 'प्रमाणाधारित उपचार' वाचून लोकांना वाटेल, वजनाप्रमाणे डोस देतात. दुसरी अडचण याहून मोठी. 'प्रमाण मानणे' म्हणजे आपल्याकडे न तपासता मान तुकवणे, बाबावाक्यं प्रमाणम्! मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून खरं, ही जी वृत्ती मोडायला हे वैद्यक निघालं, तीच या शब्दातून मागच्या दाराने आत येईल. मी माझी सूचना परत घेतो.

'पुराव्याधिष्ठित'बद्दल: समासात सामान्यरूप घुसवणं मला खटकतं, आणि 'पुरावाधिष्ठित' केलं तर पहिला शब्द देशी, दुसरा सोवळ्यातला. समासाचा हट्ट कशाला? 'पुरावा पाहून उपचार' एवढं म्हटलं तर काय बिघडतं?

जुना कारकून
दिवाणी कोर्टात नोकरी झाली, म्हणून चार शब्द. साक्ष माणूस देतो. पुरावा त्याहून मोठा, त्यात साक्ष आली, कागद आले, वस्तू आल्या. दाखला म्हणजे उदाहरण, किंवा मग तहसीलदाराचा. त्यामुळे 'पुरावा'च ठेवा, शब्द चांगला आहे. पुरणे-पुरवणे यांच्या घराण्यातला आहे. जो पुरत नाही, तो पुरावा कसला?

आता पानसुपारी यांच्या सासूबाईंचं. त्यांनी औषधाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, गफलत तिथे झाली. औषध आरोपी नाही हो, ते वादी आहे. 'मी खोकला बरा करतो' असा दावा घेऊन तेच कोर्टात आलंय. दावा ज्याने लावला, शाबीत त्याने करायचा. पुरावा आणता आला नाही तर दावा फेटाळला जातो, वादीला कोणी 'निर्दोष' म्हणत नाही. वाक्यात 'दावा' आणा, पिंजरा आपोआप हलेल: 'कफ सिरपने मुलांचा साधा खोकला बरा होतो, हा दावा शाबीत झालेला नाही.'

'शाबीत' आजकालच्या मुलांना कळत नसेल तर 'सिद्ध' म्हणा. मला शाबीतच बरा वाटतो.

दवाखान्यातला
वादी! हे उद्यापासून मी पेशंटना सांगणार.

तालुक्याच्या गावी माझी प्रॅक्टिस आहे. आमच्याकडे पुरावा हा शब्द कोणी काढत नाही. लोक म्हणतात 'गुण आला'. 'अमक्याच्या औषधाने गुण येतो', 'तमक्याच्या हाताला गुण आहे'. हा शब्द फार गोड आहे आणि फार फसवा आहे. औषध घेतलं आणि बरं वाटलं, एवढंच तो सांगतो. औषध न घेता किती दिवसांत बरं वाटलं असतं, हा प्रश्न त्याच्या पोटात नाहीच. सर्दी आठवड्यात आपली आपण जाते, आणि गुण मात्र ज्याची गोळी शेवटी घेतली त्याच्या नावावर चढतो. मी स्वतः अशा कित्येक गुणांचा फुकटचा धनी आहे.

नावाबद्दल एक गंमत. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९९० च्या सुमारास गॉर्डन गायट यांनी शिकवण्याच्या नव्या पद्धतीला 'सायंटिफिक मेडिसिन' म्हणायचं ठरवलं होतं. सहकारी चिडले. म्हणजे आम्ही इतकी वर्षं करत होतो ते अशास्त्रीय का? मग नाव बदललं आणि 'एव्हिडन्स-बेस्ड' आलं. त्यामुळे मराठीत 'शास्त्रीय वैद्यक' करू नका, भांडण जुनंच आहे. याच परंपरेतल्या डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये खुलासा केला, की यात एकटं संशोधन येत नाही. डॉक्टरचा अनुभव आणि समोरच्या रुग्णाला काय हवंय, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. नुसता पुरावा बघून उपचार करायचे असते तर मला बसायला खुर्ची कशाला लागली असती?

आता मुद्द्याचं. 'पुरावा नाही' या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडतात. एक, अजून कोणी नीट तपासलंच नाही. दोन, तपासलं आणि उपयोग दिसला नाही. कोविडमधल्या प्लाझ्माचं आठवा, बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला काढून आजाऱ्यांना द्यायचे तो. २०२० च्या एप्रिलमध्ये पहिली गोष्ट खरी होती. मग आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्लाझ्मा, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. प्लाझ्मामुळे आजार गंभीर होणं टळलं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं, म्हणजे तेव्हापासून दुसरी गोष्ट खरी. सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधले महिने, आणि त्यात ती दुसरी लाट.

त्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलात, रात्री साडेअकराला एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. वडील शहरात दाखल, 'प्लाझ्मा आणा' म्हणून नातेवाइकांना सांगितलेलं, आणि हा मोटरसायकलवर तीन रक्तपेढ्या फिरून आलेला. मी म्हणालो, "अरे, त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही." तो म्हणाला, "पण डॉक्टर, नाही असाही नाही ना?" होता. नाही असाच होता. पण माझं वाक्य अर्धवट होतं, आणि त्या वाक्यावर त्याने रात्रभर आणखी दोन गावं केली. तेव्हापासून मी 'पुरावा नाही' म्हणायचं सोडलं. 'तपासलेलं नाही' म्हणतो, नाहीतर 'तपासलं, उपयोग दिसला नाही' म्हणतो. चार अक्षरं जास्त लागतात.

चाळिशी
थोडं अवांतर. 'कंट्रोल ग्रुप'चं 'नियंत्रण गट' करणाऱ्यांना कोणीतरी आवरा. त्या गटावर कोणी नियंत्रण ठेवत नसतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो अभ्यास केला (१९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला), त्यात ३९ गावांत गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायका बाळांकडे बघत होत्या आणि दुसरी ४७ गावं तुलनेसाठी होती. या ४७ गावांना 'नियंत्रित गावं' म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटेल, तिथे संचारबंदी होती. 'तुलनेची गावं', 'तुलना गट'. झालं.

आणि 'यादृच्छिक' हा शब्दही पत्रकात नको. 'चिठ्ठ्या टाकून गट पाडले' हे सासूबाईंना पहिल्या वाचनात कळेल. त्यात एक नैतिक बाजूही आपोआप येते: चिठ्ठीत वशिला चालत नाही.

बेळगावकर
दवाखान्यातला यांच्या दोन अर्थांत मी तिसरा घालतो: पुरावा आहे, पण तो आपल्या घराचा आहे का?

दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. लिगिन्स आणि हाउवी यांनी न्यूझीलंडमध्ये हे १९७२ साली दाखवलं. पुढे आणखी चाचण्या झाल्या, तरी कित्येक वर्षं डॉक्टर लोक ते द्यायला बिचकत होते. कॉक्रेन ही सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहणारी संस्था १९९३ साली निघाली, तिने आपल्या बोधचिन्हातच या इंजेक्शनच्या चाचण्यांचा आलेख काढला. एकेक रेघ म्हणजे एकेक चाचणी. बहुतेक रेघा सुट्ट्या बघितल्या तर संशय उरतो, एकत्र बघितल्या की उत्तर मिळतं.

म्हणजे पुरावा पक्का. मग इंजेक्शन स्वस्त आहे, तर खेडोपाडी जिथे बाळंतपणं होतात तिथपर्यंत ते न्यावं, असं ठरलं. सहा देशांत चाचणी झाली आणि त्यात भारतातून आमचं बेळगाव आणि तुमचं नागपूर होतं. २०१५ साली निकाल आला. एकूण बाळांचा हिशेब मांडला तर या योजनेत मृत्यू वाढले, दर १००० बायकांमागे सुमारे साडेतीन जास्त. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. दिवस नेमके किती भरलेत हे अंदाजाने ठरवलेलं, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा कितीतरी जणींना सुई मिळाली.

मग जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा पाच देशांत चाचणी घेतली, त्यातही भारत होता. या खेपेला सोनोग्राफीने दिवस मोजले आणि बाळाची नीट सोय असलेली मोठी रुग्णालयंच घेतली. २०२० चा निकाल: इंजेक्शन दिलेल्या गटात १९.६ टक्के बाळं दगावली, न दिलेल्या गटात २३.५ टक्के. तेच औषध, तीच जात माणसाची. फरक जागेचा आणि दिवस मोजण्याचा.

आता शब्दाचं. यासाठी आपल्याकडे 'लागू पडणे' आहे की! कायदा लागू होतो, आणि औषध लागू पडतं. या दोन्ही गोष्टी मराठीने एकाच शब्दात भागवल्यात. 'पुरावा आहे, पण इथे लागू पडतो का?' हा प्रश्न आमच्या आजीलाही विचारता आला असता.

खडूफळा
'लागू' मस्त. फक्त पत्रकात 'लागू पडते' लिहिलंत तर लोक पुन्हा 'गुण येतो'च वाचतील, याचं भान असू द्या.

पानसुपारी
सगळ्यांचे आभार. एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिनला नाव मिळालं नाही, आणि माझ्यापुरती त्याची गरजही उरली नाही. पत्रकाच्या माथ्यावर 'हे आम्ही कशावरून सांगतो' एवढंच लिहिलंय. खोकल्याचं वाक्य आता असं आहे:

'साध्या सर्दी-खोकल्यासाठी मुलांना कफ सिरप देऊन तपासून पाहिले आहे. सिरप न दिलेल्या मुलांपेक्षा ती लवकर बरी झाली, असे खात्रीने सांगता येत नाही. काही सिरपमुळे लहान मुलांना अपाय होऊ शकतो.'

'पुरावा' शब्दच गेला. जुना कारकून, माफ करा, 'शाबीत' हा शब्द भाषांतर तपासणाऱ्या बाईंनी काढला. 'गावठी वाटतो' म्हणाल्या. मी भांडले, हरले.

सासूबाईंना पुन्हा वाचायला दिलं. 'सिरप'च्या पहिल्या वेलांटीवर पेन अडखळलं, पण पुढे गेलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "बरं, मग मध चाटवावा का?" पत्रकातलं पुढचं वाक्य नेमकं त्यावरच आहे: एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, त्यापुढे चालेल. त्या म्हणाल्या, "आम्ही तर जन्मल्या जन्मल्या बोटाने चाटवायचो." पुढच्या खेपेला 'बोटुलिझम'ला, म्हणजे मधातून तान्ह्या बाळाला होऊ शकणाऱ्या विषबाधेला, मराठी शब्द विचारायला येईन.