नाव कुणाचं? पुण्याचं बर्गर किंग आणि आपले छोटे व्यावसायिक

कॅम्पचा_खवय्या
काल इथे कुणीतरी लिहिलं की पुण्याच्या बर्गर किंगने अमेरिकन कंपनीचं नाव ढापलं आणि आपल्या छोट्या व्यावसायिकांना कॉपीशिवाय काही येत नाही. वाचून डोकं फिरलं.

कॅम्पातलं हॉटेल 1992 च्या सुमाराचं. अमेरिकन कंपनीचं भारतातलं पहिलं रेस्टॉरंट 2014 चं. नावावरून दावा मात्र कंपनीने लावला 2011 मध्ये, म्हणजे इथे एकही बर्गर विकण्याआधी. 2024 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. तेरा वर्षं वकिलाची फी भरत धंदा चालवून बघा, मग छोट्या माणसाला चोर म्हणा.

ट्रेडमार्कवाला
सोयीचं तेवढंच सांगता. कंपनी 1954 ची, भारतात नावाची नोंदणी, म्हणजे ट्रेडमार्क, 1979 ची. डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला हे नाव वापरायला मनाई केली, ते का गाळलंत? आणि बर्गरच्याच धंद्याला नेमकं हेच नाव सुचलं, यावर माझा विश्वास नाही.

कॅम्पचा_खवय्या
त्या मनाईला मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ते तुम्ही गाळलंत. आधीपासून नाव वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 34 चं संरक्षण आहे.

ट्रेडमार्कवाला
कलम पूर्ण वाचा. समोरच्याचा वापर किंवा नोंदणी, यातलं जे आधीचं असेल त्याच्याही आधीपासून तुमचा वापर लागतो. 1992 हे 1979 च्या आधी येतं का?

कॅम्पचा_खवय्या
1979 ची नोंदणी वस्तूंसाठी. हॉटेल ही सेवा, आणि सेवांचा ट्रेडमार्क नोंदवायची सोयच आपल्याकडे 2003 मध्ये आली, 1999 चा कायदा लागू झाल्यावर. तोवर पुणेकर तिथे जेवून हात धुऊन घरी गेले होते.

मसालेवाली_सांगली
तुमचं पुणे-अमेरिका चालू द्या. आमच्यासारख्यांवर नोटीस परदेशातून येत नाही, भाऊबंदांकडून येते. सासऱ्यांनी आडनावाने मसाले सुरू केले. वाटण्यांत घर, जमीन, डंका (मसाला कांडायचं यंत्र), सगळं कागदावर आलं. नावाचा विषय कुणी काढला नाही. मी नावाच्या नोंदणीचा अर्ज केला तर धाकट्या दिरांनी तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे असे अर्ज छापणाऱ्या सरकारी पत्रिकेत, बघून चार महिन्यांच्या मुदतीत विरोध नोंदवला. आता आमच्याच पाकिटावर आमचं आडनाव छापायची भीती वाटते.

ट्रेडमार्कवाला
वहिनी, हा घरगुती वाद आहे. इथे कायद्याची चर्चा चालू आहे.

मसालेवाली_सांगली
मी तुमची वहिनी नाही. आणि हाच कायदा आहे. माझ्या एजंटाने अर्जात ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ लिहिलं, म्हणजे नाव अजून वापरात नाही, पुढे वापरणार. सासऱ्यांच्या काळापासूनची बिलं घरात असताना! मला विचारलंसुद्धा नाही. दिरांच्या अर्जात जुनी तारीख आणि सोबत प्रतिज्ञापत्र. आता जुना वापर सिद्ध करायची धडपड माझ्या गळ्यात.

कोल्हापूरचा_बेकर
ताई, माझ्या एजंटानेही हेच केलं. यांना पटकन फाइल टाकून मोकळं व्हायचं असतं. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी महाराष्ट्रात गावोगावी दिसते, ती अशाच भांडणांतून. पाटी लावून हक्क मिळत नाही, तरी लोक लावतात, कारण कोर्ट परवडत नाही.

ट्रेडमार्कवाला
सगळे एजंट चोर, सगळे वकील लुटारू, असंच ना? एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका प्रकाराची, सरकारी फी 4500 रुपये, व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी. तेवढेही न भरता वर्षानुवर्षं बसायचं आणि वाद झाला की रडायचं.

मसालेवाली_सांगली
भरले होते. पावती आहे. नीट वाचून तरी बोला.

कॅम्पचा_खवय्या
कलम 35 प्रमाणे प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरायला कुणी अडवू शकत नाही. ते मांडा.

ट्रेडमार्कवाला
आडनाव दोघांचंही तेच, त्यामुळे कलम 35 दीरही मांडतील. तिथे खरा मुद्दा वाटणीपत्राचा. त्यात धंदा ‘नावलौकिकासह’ कुणाला दिला असं लिहिलंय का ते बघा. जुनी बिलं, छापखान्याच्या पावत्या, जाहिराती तारखेनुसार लावा आणि विरोधाला प्रत्युत्तर मुदतीत द्या. दोन महिने असतात. गेले तर अर्ज सोडून दिला असं धरतात.
एजंटाने न विचारता तो रकाना भरला असेल तर ती त्याची चूक, एवढं मान्य. पुण्याच्या बाबतीत मात्र मी हटत नाही. नोंदणीला किंमतच नसेल तर कुणी नोंदणी का करावी?

मसालेवाली_सांगली
वाटणीपत्रात डंक्याचा मेक आणि हॉर्सपॉवर लिहिलेत, नावाचा शब्द नाही. छापखान्याच्या पावत्या सासूबाईंच्या ट्रंकेत सापडतील. प्रत्युत्तरासोबत त्या मूळ द्यायच्या की झेरॉक्स चालेल?

ट्रेडमार्कवाला
मूळ कागद हातातून सोडू नका. स्कॅन करून जोडा.