वेर्ण्याच्या कारखान्यात मानसिक आरोग्याची कार्यशाळा : काय ठेवावं, काय टाळावं?

वेर्णा_एचआर: १२० कामगार, तीन पाळ्या. कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा चारही भाषा. मालक म्हणतात, एक दिवस सगळ्यांना हॉलमध्ये बसवा, पीएचक्यू-९ (नैराश्य चाचपण्याचा फॉर्म) भरून घ्या, म्हणजे कोणाला त्रास आहे ते कळेल. दोघातिघांच्या पिण्याचाही प्रश्न आहे. त्यांच्या घरच्यांना बोलवावं का?

फोंड्याची समुपदेशक: फॉर्मचं आधी. पीएचक्यूत ९ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा वर गुण आले की सविस्तर बोलायला हवं, पण तेवढ्यावरून निदान होत नाही. खरी गोम नवव्या प्रश्नात आहे. तो मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारतो. कुणी तिथे खूण केली आणि कागद आठवडाभर तुमच्या कपाटात पडून राहिला, तर? म्हणून त्याच दिवशी त्या माणसाशी बोलणारं कोणी हजर नसेल तर फॉर्म वाटूच नका. आणि ते एचआरने पाहायचेच नाहीत. नोकरीच्या भीतीने सगळे शून्यच भरतील, मालकांना वाटेल सगळं झकास आहे.

पाळीवाला: १२० जणांचं व्याख्यान म्हणजे वडा-चहाचा कार्यक्रम. २०-२५ जणांचे गट करा, भाषेप्रमाणे, दीड तासाचे, पाळी बदलताना आणि कामाच्या वेळेत धरून. रात्रपाळी सुटल्यावर ठेवू नका, माणसं बसल्या जागी पेंगतात. गटात सुपरवायझर नको. "मनातलं दुःख सांगा" हा खेळ तर नकोच. उद्या त्याच लाइनवर उभं राहायचं असतं.

पैसे कमी असतील तर ते सुपरवायझरांवर घाला, तीन-तीन तासांची दोन सत्रं. वारंवार रजा, वाढलेल्या चुका, चटकन भडकणं कसं ओळखायचं, एकांतात काय विचारायचं, कुठे पाठवायचं, हे जोड्या करून बोलून बघू दे. निदान करणं त्यांचं काम नाही. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑफिसच्या दारावर नको, संडासाच्या आतल्या बाजूला लावा. तिथे निवांत वाचता येतो.

व्यसनमुक्ती_म्हापसा: पिण्याचा विषय गटात काढू नका, नावं लगेच फुटतात. ऑडिट म्हणजे दारूच्या सवयी तपासणारी प्रश्नावली, तिच्यात १० प्रश्न, ४० गुण. ८ पासून पुढे धोक्याचं पिणं. २० किंवा त्यापुढे अवलंबित्वाची शंका, मग आधी डॉक्टर. अशा माणसाला सुपरवायझरने "उद्यापासून थेंब नको, नाहीतर घरी बस" असं अजिबात सांगू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडलं तर काही तासांत हात थरथरतात, पुढच्या दोनेक दिवसांत आकडी येऊ शकते, मग भ्रम. जिवावर बेततं. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात दाखवा.

२० पेक्षा कमी गुण असतील तर थोडक्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगात संस्थेने गोव्याच्या आरोग्य केंद्रांतच हे तपासलं. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं जास्तीत जास्त चार बैठका घ्यायची. लोक उगाच मुंबईकडे बघतात.

घरच्यांना कंपनीने परस्पर बोलावू नये. आधी त्या कामगाराची संमती घ्या, तीही समुपदेशकाने. समुपदेशकाला त्याच्या बायकोला एकदा वेगळं भेटू द्या, त्याच्यासमोर ती मारहाणीबद्दल बोलणार नाही.

वेर्णा_एचआर: आणि समुपदेशक खरा कसा ओळखायचा?

फोंड्याची समुपदेशक: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा. "हजेरीनुसार नावनिशी अहवाल देतो" म्हणाला तर तिथूनच परत पाठवा.