जुन्या अल्टोला टायर : दहा हजारांत चार बसतील का?

कोयनाकाठ

गाडी मारुती अल्टो, २०१० ची. गेल्या वर्षी आरटीओत पुन्हा पासिंग झालं, २०३० पर्यंत कागद चालू आहेत आणि तोवर मी ती विकणार नाही. रोज कराडहून पाटणला शाळेत जाते. अधूनमधून आईला घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला मामाकडे.

टायरची साइज १४५/८० आर १२, म्हणजे बारा इंची. पुढचे दोन टायर २०२० चे, आतल्या कडेने झिजलेत. डावा तर पार गोटा झालाय. मागच्यांची नक्षी मस्त आहे, पण ते २०१६ चे. स्टेपनी गाडीबरोबर आली तीच.

तीन दुकानं फिरले. पहिला म्हणाला, दोनच नवे घ्या, ते पुढे टाकू, मागचे राहू द्या. दुसऱ्याकडे सेकंडहँड आहेत, बाराशेला एक. तिसरा म्हणतो, डिस्क (चाकाच्या लोखंडी रिम) गंजल्यात, हवा उतरणार, ट्यूब टाकून घ्या. बजेट दहा हजार, पावसाच्या आत उरकायचंय. कंपनी कुठली ते नंतर बघू, दोन घेऊ की चार हे आधी सांगा.

वाकडचा_वाटसरू

सेकंडहँडला एवढं घाबरू नका. पुण्यात लोक नवी गाडी शोरूममधून काढतात आणि त्याच आठवड्यात रुंद टायर, अलॉय बसवतात. ते काढलेले टायर जवळजवळ कोरे असतात. माझ्या स्विफ्टला मी तसेच घेतले, निम्म्या भावात. तारीख बघून घ्या म्हणजे झालं.

जुना_फिटर

वाटसरू, तुमचं स्विफ्टपुरतं बरोबर आहे. पण बारा इंची टायर नव्या गाडीवरून काढणार कोण? अल्टो ८०० चं उत्पादन २०२३ ला बंद झालं. आताच्या अल्टो के-१० ला तेरा इंची चाक येतं. म्हणजे बाजारात जो बारा इंची सेकंडहँड आहे, तो कुणाच्या तरी जुन्या अल्टोचा, नाहीतर भंगारात गेलेल्या ८०० चा. त्यांनी का काढला असेल, तेवढा विचार करा.

ताई, मी टायरच्या दुकानात उभं आयुष्य काढलंय, आता गुडघ्यामुळे बसून आहे. बाराशेवाल्या टायरबद्दल सांगतो. झिजलेल्या टायरला गरम पात्याने खाचा पाडतात, वरून काळं पॉलिश मारतात. आम्ही त्याला कटिंग मारणं म्हणतो. नक्षी खोल दिसते, खाली रबर मात्र कागदाएवढं. ओळखायचं कसं, तर चांगल्या टायरच्या खाचेत तळाशी जागोजागी आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला, कायद्यानेही संपला. कटिंगवाल्याच्या पात्याखाली ती पट्टी कापली जाते. खाच खोल आणि पट्टी नाही, असा टायर दिसला की दुकानातून बाहेर पडा.

आता तुमचे मागचे. नक्षी असली तरी दहा वर्षांचं रबर आहे ते. कडक होतं, ओल्या रस्त्याला धरत नाही. उन्हात गाडी उभी करून बाजूच्या भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत का बघा आणि इथे सांगा. भेगा असतील तर दोनाचा प्रश्नच उरत नाही.

समजा भेगा नाहीत आणि तुम्ही दोनच घेतले, तरी ते पुढे टाकू नका. नवे मागे. हे ऐकून दुकानात पोरं हसतात, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की निम्म्या वेळा सावरते. वळणावर मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरायला तुम्हाला-मला जमत नाही. कुंभार्लीत जुलैमध्ये रस्त्यावरून पाणी वाहत असतं, तिथलं सांगतोय.

ट्यूबचं : ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालू नका. त्या टायरला आतून रेघोट्या असतात, त्यावर ट्यूब घासते, तापते, आणि फुटली की हवा एकदम जाते. नुसत्या ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा सावकाश उतरते, पुढच्या गावापर्यंत पोचता येतं. डिस्क गंजली असेल तर टायर उतरवल्यावर कडा तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा, व्हॉल्व्ह नवे टाका. दुकानदाराला कंटाळा येतो म्हणून तो ट्यूब सांगतो. डिस्कची कडाच वाकली किंवा खाल्ली गेली असेल तर भंगारातून दुसरी डिस्क मिळते.

सातपूरकर

एक फुकटचा सल्ला. के-१० च्या तेरा इंची डिस्क घ्या, १५५/६५ आर १३ टाका. त्या साइजमध्ये कंपन्या आणि मॉडेल जास्त मिळतात, बारा इंचीत दुकानदार जे देईल ते घ्यावं लागतं. (आमच्या घरामागे सिएटचा कारखाना आहे, त्याचा टायरच्या भावाला काडीचा उपयोग नाही.)

जुना_फिटर

चाकाची उंची जुळते हे खरं. हिशेब केला तर एकूण व्यासात पाचेक मिलिमीटरचाच फरक, मीटरही फारसा चुकणार नाही. पण चार डिस्कचे पैसे कुठून आणायचे? ताईंचं बजेट दहा हजार आहे. शिवाय स्टेपनी बारा इंचीच राहिली तर पंक्चर झाल्यावर तीन चाकं एक आणि एक वेगळं.

कोयनाकाठ

काका, भेगा आहेत. मागच्या दोन्हींच्या बाजूला केसासारख्या, आणि एका ठिकाणी नख अडकतंय. वडिलांनी मात्र "नक्षी तर नवी आहे" म्हणून दोन दिवस वाद घातला.

म्हणजे चार. एका दुकानात भारतीय कंपनीचा साधा टायर २,७५० ला म्हणाले, चारचे अकरा हजार. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नायट्रोजन वेगळं. दोन आता आणि दोन दिवाळीला घेतले तर?

जुना_फिटर

दिवाळी पावसानंतर येते.

चार घ्या. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, जो ताजा मिळेल तो. या साइजला आणि तुमच्या वेगाला त्यांच्यातला फरक तुम्हाला कळणारही नाही. तारखेचा फरक कळेल. टायरच्या एका बाजूला डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३८२५ म्हणजे २०२५ चा अडतिसावा आठवडा. बारा इंची माल दुकानात पडून राहतो, त्यामुळे चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, बसवण्याआधी. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. कुणी त्याआधीच्या एमआरपीचं स्टिकर दाखवून "बघा किती सूट देतोय" म्हणाला, तर सूटही खोटी आणि मालही शिळा. बिलावर साइजबरोबर ७४ टी (टायर किती वजन आणि वेग पेलतो त्याची खूण) लिहिलंय का बघा.

नायट्रोजन सोडा. साधी हवा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरइतकी, पंधरा दिवसांनी तपासा. तो पैसा दुसरीकडे लागणार आहे. पुढचे टायर आतून का झिजले? टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं सरळ पुढे असण्याचं माप, बिघडलाय, आणि सोळा वर्षांच्या गाडीत तो उगाच बिघडत नाही. खालच्या आर्मचे बुश (रबरी सांधे) किंवा टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाकाला जोडणारे सांधे) ढिले असणार. पुढचं चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा, कटकट आवाज आला तर आधी ते बदला, मग अलाइनमेंट करा. नाहीतर नवे टायरही आतून तसेच खाल्ले जातील. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्या.

वाकडचा_वाटसरू

बारा इंचीचं मान्य, फिटरकाका. स्टेपनीचं राहिलं. २०१० ची आहे म्हणतायत.

जुना_फिटर

ती भंगारात. तिच्यावर हवा भरून घाटात जायचं नाही. पुढच्या दोनांपैकी उजवा कमी झिजलाय असं दिसतंय. आतल्या कडेलाही पट्टीच्या वर नक्षी असेल आणि फुगा नसेल, तर तो स्टेपनीच्या डिस्कवर चढवून घ्या. पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला चालेल.

आणि बाकीचे जुने टायर दुकानात सोडणार असाल तर आधी बाजूच्या भिंतीवर सुरी फिरवा. नाहीतर पुढच्या महिन्यात तेच कटिंग मारून, पॉलिश करून बाराशेला टांगलेले दिसतील.

कोयनाकाठ

बुश ढिले निघाले, दोन्ही बाजूंचे. शनिवारी गॅरेजला टाकतेय, सोमवारी टायर. वडील सुरी घेऊन बरोबर येणार आहेत, त्यांना एवढाच भाग पटलाय.